स्वीडनची कोकिळा : जेनी लिंड

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मी काहीसा संकोचलो. आयुष्याची तीस वर्षे फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली. तेव्हा लेखणी चालते हे खरे. पण ती साहित्याच्या वाटेने चालेलच असे नाही. विषय मात्र मनात पक्का होता. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवात आमची धाकटी कन्या नाट्यगीत गाणार होती. महिनाभर तिने अतोनात मेहनत केली आणि उत्सवाला आठ दिवस उरले असता तिचा आवाज पार बसला. गायनवर्गाच्या बाईंनी तिला गाण्याचीच काय, बोलण्याचीही मनाई केली. पोरगी दोन दिवस रडत होती. तिची समजूत कशी घालावी या विवंचनेत असताना वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या ग्रंथात मला जेनी लिंड या स्वीडिश गायिकेची हकीकत सापडली. ती मी मुलीला वाचून दाखविली आणि पुढे जेथे जेथे या बाईंविषयी काही मिळाले, ते वाचीत गेलो. त्या वाचनाचे सार रसिक वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रारंभी दोन शब्दांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. पाश्चात्त्य संगीतात स्त्रीच्या सर्वांत उंच जातीच्या आवाजाला सोप्रानो म्हणतात. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच. परंतु त्यात संवादही बहुधा गाऊनच म्हटले जातात आणि साथीला मोठा वाद्यवृंद असतो. आपल्या संगीत नाटकाप्रमाणे गद्य संवाद आणि मध्ये मध्ये पदे, असा प्रकार तिकडेही आहे. जर्मन भाषेत त्याला सिंगश्पील म्हणतात. फ्रेंच लोकांचा व्होदव्हिल हाही त्याच्या जवळचाच. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, त्या वेळी जेनी लिंड साठ वर्षांच्या होत्या आणि इंग्लंडात वास्तव्य करून होत्या. म्हणजे काळाच्या दृष्टीने त्या आपल्याला फार दूरच्या नव्हेत.

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. तिचे मूळ नाव योहाना मारिया. वडील निक्लास लिंड हिशेबनीस होते; आई मुलींची शाळा चालवीत असे. आईचा पहिला विवाह मोडला होता. परंतु पहिला पती हयात असेतो दुसरा विवाह करावयाचा नाही, ही तिची धर्मश्रद्धा. त्यामुळे जेनीच्या जन्मानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी, १८३५ साली, तिच्या आईवडिलांचा रीतसर विवाह झाला. त्या काळच्या समाजात अशा अपत्याच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. घरात दारिद्र्य होते, मायेचाही तुटवडा होता. माया मिळाली ती आजीकडून. आणि नातीच्या कानांत काही विशेष आहे, हे प्रथम ओळखले तेही आजीनेच.

नऊ वर्षांची जेनी खिडकीत बसून आपल्या मांजराला गाणे ऐकवीत असे. एके दिवशी रस्त्याने जाणाऱ्या एका दासीने ते गाणे ऐकले. ही दासी राजनाट्यगृहातील लुंडबर्ग नावाच्या प्रमुख नर्तिकेकडे कामाला होती. तिने घरी जाऊन आपल्या मालकिणीला सांगितले. मालकिणीने मुलीला बोलावून घेऊन गाणे ऐकले आणि नाट्यगृहाचे गायनशिक्षक क्रेलियस यांच्याकडे पाठविले. मूल फार लहान, दिसायला साधे, अंगाने किरकोळ. पण आवाज ऐकताच शंका फिटल्या. १८३० साली सरकारी खर्चाने नाट्यगृहाच्या शाळेत तिचा प्रवेश झाला. आईला मात्र ही गोष्ट प्रथम रुचली नव्हती. रंगभूमीवर मुलगी पाठविणे म्हणजे तिचा नाश करणे, ही समजूत आपल्याकडेच होती असे नाही.

दहाव्या वर्षापासून जेनी रंगभूमीवर वावरू लागली. प्रथम वाट्याला आल्या त्या गद्य नाटकांतील आणि पदे असलेल्या हलक्याफुलक्या खेळांतील बालभूमिका. या उमेदवारीचा तिला जन्मभर उपयोग झाला. गाताना चेहरा, हात आणि शब्द यांचे भान कसे ठेवावे, हे ती ऑपेरात जाण्यापूर्वीच शिकली होती. बाराव्या वर्षाच्या सुमारास आवाजाचे वरचे स्वर एकाएकी गेले. काही काळ तिच्यावरची आशा सर्वांनीच सोडल्यासारखी झाली. पण हळूहळू आवाज परतला. क्रेलियस यांच्यानंतर इसाक बर्ग या शिक्षकांकडे तिचे शिक्षण चालू राहिले. ७ मार्च १८३८ रोजी वेबर या जर्मन संगीतकाराच्या ‘डेर फ्रायश्युट्स’ या ऑपेरात तिने आगाथेची भूमिका केली आणि एका रात्रीत सारे स्टॉकहोम तिचे झाले. या दिवसाला आपला दुसरा जन्मदिवस मानून ती तो पुढेही पाळीत असे. १८४० साली, विशीतच, राजगायिका म्हणून तिची नेमणूक झाली आणि स्वीडनच्या राजकीय संगीत अकादमीचे सभासदत्व तिला मिळाले.

येथवरची कथा ही एखाद्या भाग्यवान कलावतीची कथा वाटेल. परंतु खरी परीक्षा यापुढेच होती. कोवळ्या वयात, कच्च्या तालमीवर, जेनी लिंड यांनी एकामागून एक अवघड भूमिका गायिल्या होत्या. प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते आणि आवाज झिजत होता. आवाजाच्या मधल्या पट्टीत धुके दाटल्यासारखे झाले. ही गोष्ट इतरांच्या आधी त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आली. राजगायिकेचे पद मिळाले असताना, घरची मंडळी आपल्याच कमाईवर अवलंबून असताना, त्यांनी १८४१ साली स्टॉकहोम सोडले आणि त्या पॅरिसला मानुएल गार्सिया यांच्याकडे गेल्या.

गार्सिया हे त्या काळचे युरोपातील श्रेष्ठ गायनगुरू. घराणेच गायकांचे, मालिब्रान आणि पोलिन व्हियार्दो या विख्यात गायिका त्यांच्या भगिनी. पुढे १८५४ साली आरशांच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या कंठातील स्वरतंतूंची हालचाल पाहण्याची युक्ती त्यांनी साधली, म्हणून वैद्यकशास्त्रही त्यांचे ऋण मानते. शंभरी ओलांडून १९०६ साली ते निवर्तले. अशा गुरूपुढे जेनी लिंड गायिल्या आणि गाता गाता त्यांचा आवाज फाटला. गार्सिया यांनी स्पष्ट सांगितले की, आवाज पुरता थकला आहे. आता शिकविण्याजोगे काही उरले आहे की नाही, हे विश्रांतीनंतरच कळेल. कित्येक आठवडे एकही स्वर उच्चारावयाचा नाही, बोलणेही शक्य तेवढे टाळावयाचे, असा त्यांचा आदेश झाला.

परके शहर, परकी भाषा, जवळ कोणी नाही, आणि ज्यावर आयुष्य उभे आहे ते साधनच हातचे गेलेले. त्या आठवड्यांत या वीस वर्षांच्या मुलीने काय भोगले असेल! पण मौन त्यांनी पाळले. मुदत संपल्यावर त्या पुन्हा गुरूंपुढे उभ्या राहिल्या. गार्सिया यांनी या वेळी आशा दाखविली. मात्र प्रारंभ अगदी मुळापासून करावा लागला. श्वास कोठून घ्यावा, एका स्वरावरून दुसऱ्यावर किती सावकाश जावे, ताना कशा मोजून घ्याव्यात, हे सारे त्या नवशिक्या मुलीप्रमाणे शिकल्या. आपल्याकडे षड्जसाधना म्हणतात, त्याच जातीची ही तपश्चर्या. पॅरिसमधील या शिक्षणात जवळजवळ दहा महिने गेले. मधल्या पट्टीतील काही स्वरांवरचे धुके पूर्णपणे कधीच निवळले नाही. परंतु त्यांचा आवाज सुमारे पावणेतीन सप्तके फिरू लागला आणि अतिसूक्ष्म, हळुवार स्वरही मोठ्या सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचू लागला. जे वैगुण्य जाण्यासारखे नव्हते, ते झाकून घेण्याची विद्याही गुरूंनी दिली होती.

१८४२ च्या ऑक्टोबरात त्या स्टॉकहोमला बेल्लीनीच्या ‘नॉर्मा’ या ऑपेरात पुन्हा उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी डेन्मार्कचा दौरा झाला. कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन हे परीकथाकार त्यांच्यावर अनुरक्त झाले. त्यांच्या मनात मात्र अँडरसन यांच्याविषयी बंधुभावच होता. अँडरसन यांची बुलबुलाची प्रसिद्ध कथा त्याच वर्षीची आणि तिचा संबंध जेनी लिंड यांच्या गाण्याशी जोडला जातो. स्वीडनची नाइटिंगेल हे नाव जगाने त्यांना पुढे दिले. सरोजिनीदेवी नायडूंच्या इंग्रजी बिरुदातील त्याच पक्ष्याला मराठीत आपण कोकिळा केले. म्हणून मीही शीर्षकात तीच मुभा घेतली आहे.

१८४४ साली त्या बर्लिनला आल्या. मायरबेअर या संगीतकाराने आपल्या नव्या ऑपेराची नायिका त्यांच्यासाठी रचली. तेथेच फेलिक्स मेंडेल्सोन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. ‘एलायजा’ हे आपले भव्य गायनकाव्य रचताना सोप्रानोच्या स्वरांसाठी मेंडेल्सोन यांच्या मनात जेनी लिंड यांचाच आवाज होता. लाइपझिग, व्हिएन्ना अशी एकेक नगरे त्यांनी जिंकली. ४ मे १८४७ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात राणी व्हिक्टोरियाच्या उपस्थितीत त्यांचा पहिला प्रयोग झाला आणि लंडनला लिंडज्वर चढला. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हेर्दी यांच्या ‘इ मास्नादिएरी’ या ऑपेराचा पहिलाच प्रयोग लंडनमध्ये झाला. त्यातील नायिकेची भूमिका जेनी लिंड यांची होती आणि वाद्यवृंदाचे संचालन स्वतः व्हेर्दी यांनी केले होते.

यशाबरोबर जाचही आलाच. पूर्वी बर्लिनमध्ये घाईने सही केलेला लंडनच्या दुसऱ्या एका नाट्यगृहाचा करार त्यांनी पाळला नाही, म्हणून खटला झाला आणि अडीच हजार पौंडांची नुकसानभरपाई त्यांच्यावर बसली. पण याहून मोठा आघात ४ नोव्हेंबर १८४७ रोजी झाला. मेंडेल्सोन वयाच्या अडतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांनी आपल्यासाठी कल्पिलेले स्वर गाण्याचे धैर्य जेनी लिंड यांना वर्षभर झाले नाही. अखेर डिसेंबर १८४८ मध्ये लंडनच्या एक्झिटर हॉलमध्ये त्या ‘एलायजा’ गायिल्या. त्या कार्यक्रमातून एक हजार पौंड जमले आणि मेंडेल्सोन यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली. १८५६ साली ती प्रथम ज्या मुलाला मिळाली तो आर्थर सलिव्हन, गिल्बर्ट यांच्या जोडीने पुढे इंग्रजी संगीत नाटकाचे युग घडविणारा. दुःखातून उभारलेल्या निधीला असे फळ आले.

आणि मग ती गोष्ट घडली, जिचा उलगडा तत्कालीनांना झाला नाही. १० मे १८४९ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, जेनी लिंड यांनी ऑपेराच्या रंगभूमीचा निरोप घेतला. त्यानंतरच्या अडतीस वर्षांत त्यांनी पुन्हा त्या रंगभूमीवर पाऊल ठेवले नाही. धर्मनिष्ठ मनाला नाट्यसृष्टीतील हेवेदावे, करारमदार आणि दिखाऊपणा मानवत नव्हता. रंगभूमी सुटली, गाणे सुटले नाही. यापुढे त्या मैफलीच करू लागल्या आणि त्यांचे उत्पन्न बव्हंशी धर्मादायाकडे जाऊ लागले. त्याच वर्षी नॉरविच शहरात केलेल्या कार्यक्रमांच्या पैशांतून तेथे आजारी बालकांसाठी रुग्णालय निघाले. त्या गावातील मुलांच्या रुग्णालयाला आजही जेनी लिंड यांचेच नाव आहे.

याच सुमारास अमेरिकेतील पी. टी. बार्नम या चतुर व्यवस्थापकाचे निमंत्रण आले. दीडशे कार्यक्रम, प्रत्येकी एक हजार डॉलर, शिवाय खर्च वेगळा. पूर्वीच्या कराराचा चटका बसलेल्या जेनी लिंड यांनी या वेळी सर्व रक्कम आगाऊ अनामत ठेवण्याची अट घातली आणि बार्नम यांना १,८७,५०० डॉलर उभे करावे लागले. स्वीडनमध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढाव्यात, हा त्यांचा हेतू होता. १८५० च्या १ सप्टेंबरला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर हजारो लोकांची दाटी झाली होती. त्यांतील बहुतेकांनी त्यांचा एक स्वरही ऐकला नव्हता. ही सारी किमया बार्नम यांच्या जाहिरातीची. तिकिटांचे लिलाव झाले. एका टोपीविक्याने पहिले तिकीट २२५ डॉलरना घेतले. ११ सप्टेंबरला कॅसल गार्डनमध्ये पहिला कार्यक्रम झाला आणि त्यातील आपला सुमारे दहा हजार डॉलरचा वाटा त्यांनी न्यूयॉर्कच्या धर्मादाय संस्थांना देऊन टाकला.

परंतु आपल्या नावाचा असा बाजार मांडलेला त्यांना सोसवेना. ९३ कार्यक्रमांनंतर, १८५१ साली, ठरलेला दंड भरून त्या करारातून मोकळ्या झाल्या आणि पुढले वर्षभर स्वतःच्या व्यवस्थेने गायिल्या. अमेरिकेत त्यांना सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाले. त्यांतील फार मोठा भाग दानधर्मात, विशेषतः मायदेशातील शाळांसाठी, गेला. ५ फेब्रुवारी १८५२ रोजी बॉस्टन येथे त्यांनी ऑटो गोल्डश्मिट यांच्याशी विवाह केला. गोल्डश्मिट हे त्यांचे पियानोचे साथीदार, मेंडेल्सोन यांचे शिष्य आणि वयाने त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. जगाने नाके मुरडली. संसार मात्र पस्तीस वर्षे, जेनी लिंड यांच्या अखेरपर्यंत, सुखाचा झाला.

काही वर्षे ड्रेस्डेनला काढून १८५८ साली हे कुटुंब इंग्लंडात आले आणि तेथेच स्थायिक झाले. दोन मुलगे व एक मुलगी असा परिवार. आपण जे परप्रांतात घरे थाटून बसलो आहोत, त्यांना या भागात काही ओळखीचे वाटेल. जन्मभूमी समुद्रापलीकडे राहिली, घरात दुसरीच भाषा नांदू लागली, मुले तिसऱ्याच देशात वाढली. पण जेथे राहिल्या तेथल्या संगीतजीवनात त्यांनी आपले घर केले.

१८७५ साली गोल्डश्मिट यांच्या नेतृत्वाखाली लंडनमध्ये बाख कॉयर ही गायकवृंदाची संस्था निघाली. योहान सेबास्टियन बाख यांचे ‘बी मायनर मास’ हे प्रचंड काव्य संपूर्ण स्वरूपात इंग्लंडला ऐकवावे, हा तिचा उद्देश. एप्रिल १८७६ मध्ये तो प्रयोग झाला. त्यासाठी सोप्रानो गायिकांच्या गटाची तालीम जेनी लिंड यांनी घेतली. इतकेच नव्हे, तर प्रयोगाच्या वेळी त्या स्वतः त्याच गटात, इतर बायकांच्या ओळीत उभ्या राहून गायिल्या. जिच्या एकटीच्या आवाजासाठी तिकिटांचे लिलाव झाले, ती बाई शंभर आवाजांत आपला आवाज मिसळून देत होती. मला स्वतःला त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग कॅसल गार्डनच्या गर्दीपेक्षा मोठा वाटतो.

१८८३ साली लंडनला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक ही संस्था सुरू झाली आणि गायनाच्या प्राध्यापिका म्हणून जेनी लिंड यांना पाचारण करण्यात आले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी हे काम स्वीकारले. मुलींनी केवळ गळा फिरवावा, हे त्यांना मान्य नव्हते. स्वरज्ञान, पियानो, स्वरसंवादाचे शास्त्र, शुद्ध उच्चार, उभे राहण्या-वागण्याची रीत आणि निदान एक परकी भाषा, एवढे सर्व शिकल्यावाचून गायिका घडत नाही, असा त्यांचा दंडक होता. तो कडक वाटेल. पण स्वतःचे बालपण आठवूनच तो घातला असला पाहिजे. अपुऱ्या तालमीवर रंगभूमीवर ढकलल्या गेलेल्या मुलीचे काय होते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? गार्सियांकडून घेतलेला वसा त्या पुढच्या पिढीच्या हवाली करीत होत्या. योगायोग असा की, सार्वजनिक सभेतील त्यांचे अखेरचे गायनही १८८३ सालीच मॅलव्हर्न येथे झाले, आणि ते होते रेल्वे सेवकांच्या साहाय्यनिधीसाठी. आपल्या मंडळातील रेल्वेच्या मंडळींना हे वाचून आनंद होईल.

१८८६ साली प्रकृती ढासळल्याने अध्यापन सुटले. २ नोव्हेंबर १८८७ रोजी मॅलव्हर्नच्या टेकड्यांतील आपल्या घरी त्यांनी देह ठेवला आणि ग्रेट मॅलव्हर्नच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. १८९४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, कवींच्या कोपऱ्यात, हँडेल या संगीतकाराच्या पुतळ्याखाली त्यांची स्मृतिशिला बसविण्यात आली. मायदेशानेही त्यांना विसरले नाही. १९९६ साली स्वीडनने पन्नास क्रोनरच्या नोटेवर त्यांची प्रतिमा छापली. २०१५ मध्ये नव्या नोटा येईपर्यंत ती लोकांच्या खिशात होती.

त्यांचा आवाज मात्र आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्या हयातीतच निघाले, पण त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. मागे उरल्या त्या शाळा, रुग्णालय, शिष्यवृत्ती आणि शिकवून तयार केलेल्या मुली. गायकाचा स्वर त्याच्याबरोबर जातो. त्याने लावलेली शिस्त मात्र दुसऱ्याच्या गळ्यात राहते.

आमची कन्या त्या वर्षी गणेशोत्सवात गायिली नाही. बाईंनी दोन महिने तिच्याकडून नुसता षड्ज लावून घेतला. पुढल्या वर्षी ती गायिली, बरी गायिली. ती काही मोठी गायिका झाली नाही. आता बँकेत नोकरी करते आणि रविवारी मंडळाच्या वर्गात लहान मुलींना स्वर लावावयास शिकविते. मुलींनी घाई केली की ती त्यांना थांबविते, हे मी दाराबाहेरून अनेकदा ऐकले आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, पन्नास वर्षे ज्या मंडळाने असा एक वर्ग अखंड चालू ठेवला, त्या मंडळाला माझे शतशः अभिवादन.